एकीनं म्हणायचं, सगळ्यांनी उचलायचं

मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा म्हणायचं आपलं. मित्रांनो, आता माझा रंग वरणासारखा झाला आहे.

माझा जन्म महाप्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी जवळच्याच एका ऑफिसच्या भिंतीवर चढलो. तिथली माणसं माझ्यावर बाण काढायची, बाणांभोवती चौकोन काढायची आणि कॉफी पिऊन निघून जायची. काय ठरलं ते मला कधी कळलं नाही. त्यांनाही कळलं असावं असं वाटत नाही. पण मला रोज पुसत, 'काय चकचकीत आहे' म्हणत. पुढं भिंतीवर मोठा टीव्ही आला आणि मी जिन्याखाली गेलो. तिथून मला उलव्याच्या गीतांजली मॅडमनी उचललं.

मॅडम सोसायटीत राहायच्या. दुपारी मात्र जवळच्या गावातल्या समाजमंदिरात बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या. विमानतळावर साफसफाईच्या कामाला बायका हव्या होत्या आणि मुलाखत इंग्रजीत होती. वर्गातल्या मीनाचा सगळा जीव त्या कामात अडकला होता. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला. आणि वयाची अट अशी, की ही मुलाखत हुकली तर पुढच्या खेपेला तिला कुणी दारातही उभं करणार नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "रोज जे घडतं ना, तेवढंच सांगायचं. साधं. आय लिव्ह इन उलवे. आय गेट अप ॲट फाइव्ह. आय कुक. आय क्लीन."

"रोजचा तर आमाला पाठ हाय," केशरबाई म्हणाली, "आजवर कुनी इचारला नाय, एवढाच."

केशरबाई धवलारीण. गावातल्या लग्नांत धवले गाणारी. धवल्याची रीत अशी, की एकीनं ओळ सुरू करायची आणि बाकीच्यांनी ती उचलून पुरी करायची. एकटीला दम लागू द्यायचा नाही. बायकांना इंग्रजी वाक्यं पाठ होईनात, तेव्हा तिनं ती धवल्याच्या चालीवर बसवली. "आय लिव्ह..." ती सुरू करी, "...इन उलवे!" सगळ्या उचलत. मित्रांनो, माझी चौकट थरथरायची. मॅडमना तर भरून यायचं. सगळ्यांत गोड गळा मीनाचा.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी मीना आली ती दाराशीच बसली.

"काय झालं गं?" मॅडमनी विचारलं.

"सायबानं इचारला, व्हेअर डू यू लिव्ह. मी बोलले, आय लिव्ह... नि थांबले."

"का थांबलीस?"

"वाट बघत होते."

"कुणाची?"

"या सगल्यांची."

कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

साहेब भला माणूस होता म्हणे. त्यानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा अर्ध्या ओळीवर थांबली. त्यानं तिला पाणी दिलं आणि पुढचीला बोलावलं.

मॅडमनी पदर खोचला. "दुसरीकडे कुठं काम निघेलच. आज सगळ्या गप्प बसा. मीना एकटी बोलेल."

मीना माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. मॅडमनी प्रश्न विचारला.

"आय लिव्ह..."

अख्खं वाक्य माझ्या छातीवर ढळढळीत लिहिलेलं, पण फळ्याला कुठं तोंड असतं? मीनाच्या कानशिलांवरून घाम ओघळला. केशरबाईला ती अडलेली पोर बघवेना.

"...इन उलवे, गो बाय!" तिनं ओळ उचललीच.

मीनाचा चेहरा सैल झाला. "आय गेट अप..." ती म्हणाली. "ॲट फाइव्ह!" अख्खं समाजमंदिर दणाणलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. 'बघा, आली की तिला!' मॅडमनी मात्र पेनाला टोपण लावलं.

आता तो वर्ग भरत नाही. मी समाजमंदिरामागं, लग्नाच्या पातेल्यांना टेकून उभा आहे. माझ्यावरची अक्षरं कुणी पुसली नाहीत; ऊन पुसतं आहे. मला पुन्हा भिंतीवर चढवा, असं माझं मागणं नाही. मागणं एवढंच, मित्रांनो, की आपलं माणूस अडलं तर घटकाभर तोंड मिटून बसा. फार अवघड असतं ते. माया जितकी जास्त, तितकं अवघड.

मीना अजून घरीच आहे. लग्नसराईत केशरबाई तिला सोबत नेते. ओळ सुरू करायला नव्हे, उचलायला.