ओर्लिंदाच्या मोरीवर सान इसिद्रो

डेल्फिनोला काय वेड लागलं होतं, ते त्याच्या आईला, एउफ्रासियाला, शेवटपर्यंत कळलं नाही. बापाची धडधाकट पिकअप, वीस मेंढरं पोटात घालून डोंगर चढणारी, तिला ह्यानं सरपटायला लावलं. चार महिने शेडमध्ये ठणठणाट. पुढच्या चाकांचे आर्म जाड पट्ट्या कापून घरीच जोडले, मागं चासीला, गाडीच्या सांगाड्याला, खाच पाडली, कमानपाटे आसाखाली नेऊन बांधले. शेवटी गाडी जमिनीपासून चार बोटांवर आली तेव्हा म्हणाला, आता कशी नवरीसारखी दिसते. खालून कोंबडीसुद्धा जाईना.

तरी एउफ्रासियाला मनातून अभिमानच वाटला, कारण अख्ख्या एस्पान्योला गावात हातानं केलेलं असं काम दुसऱ्या कुणाच्या पोराचं नव्हतं.

मे महिन्यात शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची, मिरवणूक निघाली. हा लाकडी संत, त्याची बैलजोडी आणि देवदूत एकतीस वर्षं एउफ्रासियाच्या पुढच्या खोलीत राहत होते. रीत अशी, की मिरवणुकीत संत जिथं जड होऊन हटेनासा होईल, ते घर त्यानं राहायला निवडलं असं मानायचं. तो आजवर कुठं जड झाला नव्हता. एउफ्रासियाच्या हातचा लाल मिरचीचा रस्सा त्याला ठाऊक होता.

गाडी चालवायला डेल्फिनो, मागं संत, जेवणाला कधी नाही न म्हणणारे फादर नाझारियो आणि दोन फिडलवाले. नणंदेच्या, ओर्लिंदाच्या, फाटकासमोर कालव्याच्या मोरीचा उंचवटा आला आणि गाडी बसली. मागची चाकं नुसती फिरू लागली.

ओर्लिंदानं गुडघे इतक्या झटकन टेकले, जणू रोज सराव करत असावी. तिच्या सुनेनं आत टीव्ही हलवून संतासाठी फळी पुसायला घेतली. म्हातारे टोप्या काढून उभे राहिले.

एउफ्रासियानं गाडीच्या खिडकीशी जाऊन हळूच विचारलं, खाली काय अडकलंय?

"काही अडकलं नाही," डेल्फिनो म्हणाला. "माझं माप केसभरही चुकत नाही, आई. संतच हटत नाहीये."

एकाहत्तर वर्षांची ती बाई सणाच्या झग्यासकट धुळीत पालथी पडली. चासी मोरीच्या काठावर आरामात टेकली होती. पोरानं माप घेतलं होतं रिकाम्या गाडीचं.

ती उठली आणि फादरना खाली उतरायला सांगितलं. फादर म्हणाले, संताला एकटं सोडणं बरं नाही. ती म्हणाली, संताला सवय आहे, वर्षभर एकटाच असतो. फादर उतरले, फिडलवाले उतरले, तशी गाडी सुस्कारा टाकून तीन बोटं वर आली आणि ठिणग्या उडवत पार झाली.

ओर्लिंदा म्हणाली, वहिनीनं संताला फसवलं. फादरनी गुडघ्यांवरची धूळ झटकत निवाडा दिला, की ज्याला राहायचंच असतं तो दुसऱ्याच्या वजनावर अवलंबून राहत नाही.

डेल्फिनो हसत गाडीतून उतरला.

"काम तुझं सुबक आहे, त्याला मी नावं ठेवत नाही," एउफ्रासिया सगळ्यांसमोर म्हणाली. "पण आपली चूक झाकायला तू घरातला संत माझ्या नणंदेला देऊन टाकत होतास. पुढच्या वर्षी गाडी मी चालवीन. तू फादरना पाठुंगळी घे."