चार दिवस गप्प काकू

राष्ट्राची सुरक्षा कधीच झोपत नसते. दुपारच्या जेवणानंतर तिचा जरा डोळा लागतो, तेवढं सोडून.

निगराणी विभागातले भाऊसाहेब मात्र गेले चार दिवस दुपारीही टक्क जागे होते. त्यांच्याकडे सोपवलेल्या काकू गप्प होत्या. काकू निवृत्त ग्रंथपाल. सहा वर्षांपूर्वी रस्त्यावरचे दिवे बंद म्हणून "सरकार आंधळं आहे का?" असं त्यांनी फेसबुकवर विचारलं आणि त्या निगराणीच्या यादीत आल्या. तेव्हापासून त्यांचा शब्द न् शब्द भाऊसाहेब वाचत. काकूंनी बहिणीला कळवलेले गुडघ्याचे व्यायाम ते स्वतःही करत. गुण आला होता.

आता ना पोस्ट, ना बहिणीला मेसेज. काकू एकट्या राहतात, पडल्याबिडल्या असतील तर? नजरेखालच्या माणसाला भेटलं की नोकरी गेली, असा नियम. पेन्शनला दोन वर्षं उरलेली.  तरीही पाचव्या दिवशी अर्धी रजा टाकून त्यांनी काकूंची बेल वाजवली.

दार उघडलं. काकू धडधाकट.

"कोण हवंय?"

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? तुम्ही कोण?"

"मी... पाण्याच्या मीटरचा."

"मग मीटरची विचारपूस करा की! माझी कशाला?"

"नाही, फोनबिन चालतोय ना?"

"कसला चालतोय! पासवर्ड विसरलेय. तिकडे बहीण फुगून बसली असेल."

"मांजरीचं नाव, पुढे निवृत्तीचं साल," भाऊसाहेब बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

काकूंनी त्यांना चष्म्यावरून आपादमस्तक न्याहाळलं.

"अस्सं. म्हणजे ते तुम्ही होय? कोणीतरी वाचतंय असा संशय होताच मला. इतकी वर्षं वाचताय, वाढदिवसाला साध्या शुभेच्छा नाहीत?"

"नियमात बसत नाही हो."

"आत या. चहा तरी नियमात बसतो का बघू."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब राजीनामा खिशात घालूनच साहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं कबूल केलं. साहेबांनी कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधाशोध केली.

"अहो, या बाईंची निगराणी तीन वर्षांपूर्वीच बंद झालीय."

"मग मी रोज पाठवतो तो अहवाल?"

"तो कोण वाचतं, ते बघावं लागेल."

आदेशाची प्रत सर्व संबंधितांना गेली होती. संबंधितांच्या यादीत भाऊसाहेब नव्हते.