वर्तुळातला अंगठा

एकनाथरावांना दिसत नाही, हे अफझलगंजच्या आमच्या शिळाप्रेसमध्ये, म्हणजे दगडावरून छापणाऱ्या छापखान्यात, फक्त मला ठाऊक होतं. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळे. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ महिने झाले होते. धान्याच्या कूपनांच्या नकला बाजारात सर्रास फिरत होत्या, म्हणून नव्या सरकारला नक्कल न होणारं कूपन हवं होतं. आमचा नमुना पसंत पडला तरच मालक भगवंतराव एकनाथरावांना कामावर ठेवणार होते. रेघा ओढण्यापलीकडे त्या माणसाला काही येत नव्हतं, आणि घरात दुसरं कुणी कमावत नव्हतं.

नमुना त्यांनीच काढला. दोन दगडांवर एकात एक अशी दीडशे वर्तुळं, फक्त दुसऱ्याचा मध्य केसभर सरकवलेला. वर्तुळं ओढायच्या परकाराचा स्क्रू फिरवला की टिक वाजे. एक टिक, एक रेघ. ते कानाने काम करत आणि मी शाई देण्याच्या निमित्ताने पहारा देई. म्हाताऱ्याची नजर अजून घारीची आहे, असं बाकीचे म्हणत. मला त्या लबाडीची लाज वाटली नाही.

एक दगड निळ्यात छापला, त्यावर दुसरा लाल. कागद हातात घेतला आणि माझंच डोकं गरगरलं. रेघा जागच्या जागी होत्या, तरी त्यांच्यातून लाटा निघत होत्या. मान हलवली की वर्तुळं फिरायला लागत. फिरतंय, असं मी सांगितलं. फिरायलाच हवं, असं ते म्हणाले.

मग मला मधोमध अंगठ्याचा ठसा दिसला. दगडाला बोटाचं तेल लागलं की तेही छापून येतं, हे आमच्या झाडूवाल्यालाही ठाऊक. तीस वर्षांत एकनाथरावांचं बोट दगडाला लागलं नव्हतं. मध्य चाचपताना लागलं असणार. काही करावं तर नमुना बघायला पुरवठा खात्याचे साहेब दारात येऊन ठेपलेले.

साहेबांनी कागद हलवून पाहिला, हसले, पुन्हा हलवला. मग हसू गेलं. ही कुणीतरी ठेवलेली चोरखूण आहे, असा त्यांना संशय आला. अंगठा कुणाचा, असं त्यांनी विचारलं.

"माझा," मी म्हणालो. "घाईत लागला."

त्यांनी माझे दोन्ही हात उजेडात धरले. उजव्या अंगठ्यावर रुळाने पाडलेली चीर, डाव्याचं अर्धं पेर यंत्राने कधीच नेलेलं. खोटं बोलायचं तर आधी अंगठे बघून घ्यावेत, एवढी अक्कल मला नव्हती.

"दत्तोबा, बस कर," एकनाथराव म्हणाले. "हौ साहेब, माझा आहे. ताडून पाहा."

ते उठले, धोतराला हात पुसला आणि टेबलावर अंगठा ठामपणे टेकवला. कागदापासून वीतभर लांब, नुसत्या लाकडावर.

साहेबांनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग कागद हळूच सरकवून अंगठ्याखाली आणला आणि जुळतो म्हणाले. नमुना आहे तसाच पसंत केला. पण भगवंतरावही तिथेच उभे होते. सोमवारी एकनाथरावांच्या जागेवर दुसरा माणूस बसला.

महिन्याभराने माझ्या घरी ती कूपनं आली, प्रत्येकावर तो अंगठा. बेगम बाजारात ज्वारीसाठी पहिलं कूपन द्यावं लागलं, तेव्हा दुकानदारासमोर मला रडू आलं.