गाणं लांब करा

मामांना सगळेच मामा म्हणायचे. त्यांच्याकडे येणारा, त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असलेला एक बासरीवालासुद्धा. जगात दुसऱ्याला मामा बनवणारे पैशाला पासरी मिळतात, हे आपखुशीने झालेले. पूर्वी त्यांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. तो बसल्यावर त्यांनी चष्म्याच्या दुकानावरची एक खोली घेतली आणि ज्यांच्या मागे ना कंपनी ना ओळखपाळख, अशा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना लोकांपर्यंत पोचवायचं काम सुरू केलं. म्हणजे गाणी इंटरनेटवर चढवायची, फोटो काढायचे, हॉलवाल्यांचं फोनवर डोकं खायचं. एक ना धड भाराभर चिंध्या, असं त्यांची बायको म्हणायची. त्यातल्या दोघा-चौघांचं त्यांनी खरंच भलं केलं, हेही तीच सांगायची, अर्थात त्यांच्या माघारी.

भाचीची गोष्ट मात्र वेगळी होती. ती सख्ख्या बहिणीची मुलगी, मामांना अरे-तुरे करणारी एकटीच. मामांनी बहिणीला शब्द दिला होता, की वर्षभर पोरीला गाऊ दे, ऐकणारे मिळाले नाहीत तर मी स्वतः तिला नोकरीवर सोडून येईन. वर्ष सरत आलं होतं. विम्याच्या ऑफिसातली नोकरी ठरल्यात जमा होती आणि सोमवारी होकार कळवायचा होता. भाची त्यावर काही बोलत नव्हती. एरवी बडबडी पोर गप्प झाली की आतून खचलेली असते, एवढं मामांना कळत होतं.

अशात मामांना तो आकडा दिसला. कुठलं गाणं कुठे किती वाजलं, हे दाखवणारं एक पान असतं. त्यावर एका लांबच्या गावात भाचीचं एक गाणं हजारो वेळा वाजल्याचं दिसत होतं. बाकी सगळीकडे भोपळा आणि इथे हजारो. मामा खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. त्याच दिवशी त्यांनी त्या गावातला एक हॉल शनिवारी दुपारसाठी ठरवूनही टाकला. बहिणीला फोन करून म्हणाले, "ताई, आता बघच तू."

शनिवारी बसमध्ये भाचीने तेच पान स्वतःच्या फोनवर उघडलं.

"मामा, किती वेळा वाजलं ते तू पाहिलंस. किती जणांनी ऐकलं ते पाहिलंस का?"

"तेच ना ते?"

"नाही रे. ते खाली वेगळं दिलंय. ऐकणारे, एक."

"एक हजार असेल. नीट बघ."

"नुसता एक."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एक तो एकच राहिला.

"एकच माणूस हजारो वेळा ऐकतोय," भाची म्हणाली. "तो बरा आहे ना?"

पान चुकलं असेल, असं ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पान चुकलं नव्हतं. हॉलच्या रखवालदाराने आधी सगळे पंखे लावले, थोड्या वेळाने अर्धे बंद केले आणि मग उरलेलेही. खुर्च्यांच्या रांगा नुसत्या भाचीकडे तोंड करून बसल्या होत्या. मामा दारापर्यंत जाऊन रस्ता बघून येत होते. लोक जात-येत होते, पण आत कोणी वळत नव्हतं. पोरीला आपण इथवर फरफटत आणलं ते हे दाखवायला, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा," भाची मंचाच्या कडेला बसून म्हणाली, "त्या गाण्याखाली एकदा कोणीतरी लिहिलं होतं, 'गाणं लांब करा, मधेच संपतं.' मला वाटलं, चेष्टा करताहेत. तोच असेल का हा एक?"

तिने त्याच नावावर निरोप टाकला, की आज तुमच्या गावात गायला आले होते, तुम्ही का आला नाहीत. उत्तर लगेच आलं. 'कसं येणार? ड्यूटी आहे. फाटकामागची लॉन्ड्री. सहापर्यंत आहोत.'

लॉन्ड्री म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे धुवायला यायच्या. आत वाफ, साबणाचा वास आणि जोडी-जोडीने उभ्या असलेल्या बायका. दोघींमध्ये एक चादर ताणलेली, ती झटकायची, जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा मागे जायचं. एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात फोन उभा केला होता आणि डब्यातून भाचीचाच आवाज शेडभर घुमत होता.

फोन मुकादमबाईंचा होता. निरोप धाडणाऱ्याही त्याच.

"तुम्हीच का त्या?" त्या भाचीला म्हणाल्या. "फोनवर जाड वाटता."

मामांनी शेडभर नजर फिरवली. पानावरचा एक माणूस तो हा, आणि त्याच्या मागे ही एवढी माणसं. त्यांना हसावं की रडावं कळेना.

"म्हणजे तुम्ही सगळ्या हे गाणं ऐकता?"

"ऐकत कोण बसलंय?" मुकादमबाई म्हणाल्या. "काम करतो आम्ही. दोघींचे हात बरोबर चालले नाहीत तर कोपरे जुळत नाहीत. बाकीची गाणी पळतात नाहीतर रेंगाळतात. हे बरोबर पडतं."

"आणि शब्द?" भाचीने विचारलं. रडत-रडत लिहिलं होतं तिने ते गाणं.

"कोणीतरी चाललंय वाटतं कुठेतरी. आम्हाला घडीशी मतलब. आलाच आहात तर म्हणा ना तुम्हीच, फोनची बॅटरी वाचेल."

भाचीने मामांकडे पाहिलं. हा मान होता की अपमान, हे तिला समजलं नव्हतं आणि मामांनाही नाही. पण डब्यातला आवाज बंद झाला होता आणि बायका चादरी धरून खोळंबल्या होत्या. तिने सुरुवात केली.

कोणी वर पाहिलं नाही. हॉलमधल्या खुर्च्यांनी निदान तोंड तरी इकडे केलं होतं, इथे सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यांवर. भाचीचा आवाज कापू लागला. जिची जोडीदारीण आली नव्हती अशी एक बाई मामांपाशी आली आणि तिने चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली.

"नुसते उभेच आहात, धरा."

मामा पुढे जायचं तिथे मागे गेले, मागे जायचं तिथे तिच्या अंगावर आले. "उलटं चाललंय तुमचं," ती शांतपणे म्हणाली. दुसऱ्या कडव्याला कधीतरी त्यांचे हात आपोआप चालू लागले. भाचीचा आवाजही तोवर सावरला होता. तिला कोणाकडे बघावं लागत नव्हतं.

मग गाणं संपलं आणि शेडमधले सगळे हात थांबले. अर्ध्या घडीतल्या चादरी तशाच हवेत राहिल्या. टाळी कोणी वाजवली नाही, वाजवणार कशाने? पण आता पहिल्यांदाच सगळ्या जणी भाचीकडे बघत होत्या.

"बघा," मुकादमबाई म्हणाल्या, "मधेच संपतं."

मामांच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. गाण्याला मुळात आणखी दोन कडवी होती. लोकांना धीर नसतो, म्हणत ती त्यांनीच कापायला लावली होती. तेव्हा भाची हमसून रडली होती, आणि त्यांनी तिला धंद्यातलं शहाणपण शिकवलं होतं.

भाचीने त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी मान हलवली, म्हण म्हणून. तिने कापलेलं पहिलं कडवं उचललं आणि चादरी पुन्हा हलल्या.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. बहीण होती. त्यांनी फोन कान आणि खांद्यामध्ये कसाबसा धरला.

"आले का रे लोक?"

"हॉलमध्ये कोणीच आलं नाही, ताई."

"जाऊ दे. तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस. परत निघालात ना? सोमवारचं कळवून टाकू का मग?"

समोरच्या बाईने चादर ताणली, मामा दोन पावलं पुढे गेले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि कोपरा धड दिसत नव्हता.

"नको," ते म्हणाले. "मला काही कळेनासं झालंय ताई, पण तू काही कळवू नकोस. इथे तिचं गाणं थांबू देत नाहीयेत."