बोटाला ठाव असलेला नंबर

अकरावीच्या क्लाससाठी लातूरला निघाले तेव्हा लोह्याच्या स्टँडवर अज्जांनी आपलं पदक माझ्या हातात ठेवलं. चांदीचं, रुपयापेक्षा मोठं, एका अंगाला इंग्रज बादशहाचं तोंड. "अभ्यासाला बसशील तवा समोर ठेव. दिवाळीला परत आण." मोतीबिंदूनं त्यांना दिसायचं नाही. पदकाच्या कडेवर कोरलेली अक्षरं ते अंगठ्यानं वाचायचे. रोज संध्याकाळी कपाळाला विभूती लावून झाली की नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ओठ हलायचे, आवाज नाही.

आमचे अज्जा, बाबांचे वडील संगप्पा, ब्रह्मदेशच्या लढाईत अधिकारी होते. हे मी क्लासमधल्या झाडून सगळ्या पोरींना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. शाळेत शेवटच्या बाकावर मुकी बसणारी मी इथं फळ्यावर जाऊन गणितं सोडवत होते. आता माझं तोंड कोण धरणार!

माझ्या खोलीत नांदेडची शबाना राहायची. तिनं पदक घेतलं, कड वाचली आणि उशीत तोंड खुपसून हसली.

"या अल्ला, ऋतुजा! जमादार? आमच्या गल्लीत झाडायला येतात ना, त्यांना जमादार म्हणतात."

"फौजेत जमादार म्हणजे अधिकारीच असायचा."

"हाव, हाव. आणि माझे अब्बा कलेक्टर!"

झाडण्यात वाईट काय, असं म्हणायला हवं होतं. मी लाल झाले नुसती.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात गेले. तिथं किशनराव स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देत.

"यातलं जमादार काढा आणि कॅप्टन घाला."

"मधलंच कसं निघंल, बाई? सगळी कड घासावी लागंल. नाव परत घालून देतो, आहेराच्या ताटावर घालतो तसं."

"घासा."

मशीन टर्र करत राहिलं. टिंबाटिंबांच्या अक्षरांत उमटलं, कॅप्टन संगप्पा. मला लई आवडलं. शबानासुद्धा म्हणाली, "अब जमा!"

दिवाळीला लोह्याला गेले. अज्जा बाजेवर बसले होते. पदक घेतलं, अंगठा कडेवरून फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.

"पोरी, हे माझं न्हाई."

"तुमचंच आहे, अज्जा."

"काय लिवलंय?"

"कॅप्टन संगप्पा!" मी अजून हसतच होते.

अज्जा हसले नाहीत. "कॅप्टन सायबाला मी पाठीवर घेऊन नदी ओलांडली व्हती. खाली ठेवला तवा गेला व्हता. त्यापायी हे मला भेटलं. आता त्याचा हुद्दा मी घेऊ?"

लोह्याला यायच्या आधी, पाच वर्षांपूर्वी, भूकंपात किल्लारीकडचं आमचं गाव बसलं. तिसऱ्या दिवशी जवानांनी ढिगाऱ्यातून अज्जीला, मल्लम्माला, काढलं. शेजारी ट्रंक होती. एका कोवळ्या लेफ्टनंटनं पदक पुसलं, कड वाचली आणि तिथंच टाचा जुळवून सलाम ठोकला. "जमादार साहब!" गावात उभ्या जन्मात अज्जांना कुणी साहब म्हटलं नव्हतं. अज्जीला माती देण्याआधी त्यांनी सलाम परत केला. ही गोष्ट मला पाठ होती. तरी मी घासायला दिलं.

"चुकलं माझं," मी रडत वही काढली. "होतं तस्संच परत घालून आणते. नंबर सांगा."

अज्जांनी तोंड उघडलं. अंगठा कडेवर गेला, टिंबांवरून सरकला.

"एक... एक, चार..."

पुढं येईना.

"फौजेचे कागद असतील ना कुठं?"

"ट्रंकंतच व्हते. पावसानं लगदा झाला." मग म्हणाले, "तोंडाला कधी आलाच न्हाई गं तो नंबर. बोटाला ठाव व्हता."

मला दोनशे सूत्रं पाठ होती. घासायला देईपर्यंत रोज समोर ठेवलेल्या त्या पदकावरचा नंबर मात्र मी एकदाही वाचला नव्हता.

पदक त्यांनी माझ्याकडं सरकवलं. "कॅप्टन सायबाचं हाय. नीट ठेव."

संध्याकाळी विभूती लावून झाल्यावर अज्जांनी सवयीनं हात पुढं केला. मी पदक द्यायला उठले, तोवर त्यांनी तो मागं घेऊन मांडीवर ठेवला होता.