फुलंब्रीची प्रत

नानासाहेबांचा हिशोब सरळ होता: इंटरनेटची जाडजूड लाइन घेतली, तर तिच्यातून जाडजूड काहीतरी वाहायला हवं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. त्यांची संस्था जागोजागी चारा छावण्या चालवत होती. कोणतं जनावर कोणाचं, कोणत्या छावणीत, त्याला आज चारा मिळाला का, हे सगळं मुकुंदवाडीच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर असायचं. चहूबाजूंनी नव्या इमारती उठत होत्या, वीज सारखी जायची आणि एसी धापा टाकायचा. तो सर्व्हर बसला असता तर छावण्यांच्या दारात जनावरं उपाशी उभी राहिली असती. म्हणून ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या प्रांजलीनं दुसरा सर्व्हर फुलंब्रीच्या गोदामात बसवला होता.

प्रांजली मेंढपाळाच्या घरातली. दुष्काळ पडला की तिची आजी बानाबाई चार मेंढ्या भावाच्या कळपात नेऊन सोडायची. रोग येवो की लांडगा, बेणं राहिलं पाहिजे. नातीनं कॉम्प्युटर शिकून तेच केलं. पहिली अख्खी प्रत त्या जाडजूड तारेतूनही धाडायला महिना गेला असता, म्हणून तिनं ती डिस्कवर घेतली आणि मांडीवर ठेवून फुलंब्रीच्या एसटीत बसली. त्यानंतर रोज नवं असेल तेवढंच जायचं. कालचीच गाय, तोच फोटो, तोच मालक आज पुन्हा आला तर मशीन ते दुसऱ्यांदा साठवत नाही आणि पाठवतही नाही. ‘तिकडं आहेच’ एवढी खूण तेवढी पाठवतं.

नानासाहेबांनी एकदा स्क्रीनमध्ये डोकावलं. तारेतून चिमूटभर माल जात होता.

"पोरी, इथं हा एवढा ढीग आन् तिकडं एवढंसंच? मला येडं समजलीस व्हय?"

"नानासाहेब, जुनं तिकडं आधीच हाय. नवं तेवढंच जातंय."

"ते मला सांगू नको. फुलंब्रीचं समदं पूस. पहिल्यापासून पाठव, माझ्या डोळ्यांदेखत."

तिनं पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! माणूस वाईट नव्हता, पण डोळ्यांना दिसत नाही ते त्याच्या लेखी नसायचंच. प्रांजलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पुसलं तर महिनाभर एकुलती एक प्रत, आणि तीही या भट्टीत.

"नाय पुसणार."

ऑफिसातले सगळे मान खाली घालून कामाला लागले.

"काय म्हणालीस?"

"नाय पुसणार म्हणलं. नोकरी घ्या माझी. दुष्काळात बेणं मारीत नसतेत."

"मग दाखव ना, काय हाय तिकडं ते!"

"दाखवते," ती म्हणाली आणि तिनं मुकुंदवाडीचा सर्व्हर बंद केला.

"अगं, अगं!" नानासाहेब खुर्चीतून उठले. तिनं वरही पाहिलं नाही. फुलंब्रीच्या प्रतीवरून तिनं सगळं तिकडच्याच सर्व्हरवर उभं करायला घेतलं. चहा आला, गार झाला. मग तिनं पैठणकडच्या छावणीवर चारा वाटणाऱ्या सर्जेरावांना फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला.

"काका, पुढचं जनावर घ्या."

"घेतलं. दगडाबाईची तांबडी गाय. फोटो आला, कालचा चाराबी दिसतोय. चारा सोडू का?"

प्रांजलीनं मान वळवली. "सोडू का, नानासाहेब?"

नानासाहेबांनी उपरण्यानं मान पुसली. "सोड की! गाय का उपाशी मारतो मी?"

सर्जेरावांनी पुढची गाय घेतली, मग त्यापुढची. नानासाहेब बराच वेळ ऐकत उभे राहिले. चुकलं म्हणणं त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हतं.

"लई चढेल झालीस," ते शेवटी म्हणाले. "तुझ्यासारख्या छप्पन मिळतेत मला."

"मिळतेत की. पण येईल तिला पुसायला सांगू नका. तीबी नायच म्हणंल."

ते दार आपटून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रांजली रोजच्या वेळेला आली आणि आपल्या खुर्चीत बसली. तिला उठवायला कुणी आलं नाही.