तिसरं आमेन

गंगाधर सरांच्या घरी संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही. गंगापूर रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये पाहुणे असोत की क्रिकेटची मॅच, दिवेलागणीला टीव्ही बंद व्हायचा आणि सर गुडघे टेकायचे. पूर्वी प्रार्थना संपली की तीन आमेन ऐकू यायची: सरांचं, बायकोचं म्हणजे इंदिराबाईंचं, आणि मुलाचं, मनोजचं. मनोज गेल्यावर इंदिराबाईंनी आमेन म्हणणं सोडलं. त्या गुडघे टेकायच्या, डोळे मिटायच्या, पण तोंड उघडायच्या नाहीत. सर एकटेच म्हणायचे. आणि मग पाठीमागून, दाराजवळून, मनोजचं आमेन यायचं.

दाराजवळ कुणी नसायचं. सरांनी सुरुवातीला मागं वळून पाहिलं, पुढं पुढं पाहणंही सोडलं. आवाज मात्र तोच, जेवायला उशीर होतोय अशा घाईचा. इंदिराबाईंना तो ऐकू येतो का, हे विचारायचं धाडस त्यांना कधी झालं नाही.

भ्यायला कारण होतं. मनोजनं स्वतःच्या हातानं जीव दिला होता. विंचूरला चांगली नोकरी होती, चारचौघांत हसायचा-बोलायचा, आतून किती पोखरला होता ते कुणालाच कळलं नाही. अशा माणसाचा दफनविधी करायचा का, असा प्रश्न चर्चच्या कमिटीपुढे आला. पाळकसाहेब तरुण होते, ते तयार होते. पण कमिटीत सगळ्यांत जुने सर. दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चचे सभासद होऊ घातलेल्या मुलांच्या वर्गाला पाप, पश्चात्ताप आणि कृपा शिकवण्यात त्यांची हयात गेलेली. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागले. पोटच्या पोरासाठी नियम वाकवला असं कुणी म्हणायला नको, एवढंच त्या क्षणी त्यांच्या डोक्यात होतं. माणसाला ताठा दाखवायला काय वेळ सापडेल, सांगता येत नाही. ते म्हणाले, पश्चात्तापाला ज्यानं वेळच ठेवला नाही, त्याच्यावर विधी नको. मनोजला कबरस्थानाच्या भिंतीकडेला पुरलं. घंटा वाजली नाही, वाचन झालं नाही. इंदिराबाई हंबरडा फोडतील असं बायकांना वाटलं होतं. त्यांनी ब्रही काढला नाही.

सरांचा वर्ग पूर्वीसारखाच चालू राहिला. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नसते, हे ते मुलांना ठासून सांगायचे. आणि रोज संध्याकाळी, ज्याला त्यांनीच देवाच्या दयेबाहेर ठेवलं, तो त्यांच्या प्रार्थनेला आमेन म्हणायचा. दयेबाहेरचा माणूस आमेन कशाला म्हणेल? हा प्रश्न त्यांना धड जेवू देईना. विचारायचा कुणाला, तर सगळे त्यांनाच विचारायला येणारे.

यंदा इंदिराबाईंचं हृदयाचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. एका संध्याकाळी, दाराजवळचा आवाज विरतोय न विरतोय तोच, त्या म्हणाल्या, "मला मनोजशेजारी पुरा. त्याला मिळालं नाही ते मलाही नको. पाळकसाहेबांना बोलावू नका."

असं अभद्र बोलू नकोस, तू कुणाचं काय वाईट केलंस, म्हणत सरांनी बरंच समजावलं. शेवटी वर्गात सांगायचे तेच सांगितलं. विधी केल्यानं मेलेल्याचं काही बदलत नाही, त्याचा न्याय देवाकडे. कबरेवरची प्रार्थना मागं राहिलेल्या जिवंत माणसांसाठी असते, त्यांना धीर यावा म्हणून. तेव्हा मनोजचं काही कमी झालं, हे तू मनातून काढून टाक.

इंदिराबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग ती प्रार्थना तुम्ही नाकारलीत कुणाला?" त्या म्हणाल्या. "मी तर जिवंत होते."

कबरेवरची प्रार्थना जिवंत माणसांसाठी, हे वाक्य सरांनी किती मुलांकडून घोकून घेतलं असेल, पण त्या जिवंत माणसांत आपली बायकोही येते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी त्यांनी रिक्षा बोलावली आणि उपासनेचं पुस्तक बरोबर घेतलं. कमिटीत कुणालाही विचारलं नाही. इंदिराबाईंना धरून त्यांनी भिंतीपर्यंत नेलं. रखवालदारानं प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. कबरेवर गाजरगवत माजलं होतं. ते उपटून काढायला सरांना बराच वेळ लागला. मग उभं राहून त्यांनी दफनविधी पहिल्यापासून वाचायला घेतला. मृताचं नाव घ्यायची जागा आली तिथं त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

"मनोज," इंदिराबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं.

"मनोज," सर म्हणाले, आणि पुढं वाचत गेले.

प्रार्थना संपली. इंदिराबाई आमेन म्हणाल्या, मोठ्यानं, स्वच्छ. सरांनी कान लावले. मागून काहीच आलं नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ज्या आवाजाला ते इतकी वर्षं भीत आले, त्याची त्यांनी पुस्तक हातात धरून वाट पाहिली. तो आता येणार नाही हे उमगलं, तेव्हा पोर आजच गेल्यासारखे ते ढसाढसा रडले.

इंदिराबाईंनी त्यांना रडू दिलं. मग खुर्चीवरून उठायला त्यांच्यापुढं हात केला.

"आता मला कुठंही ठेवा," त्या म्हणाल्या.